घराची दुसरी किल्ली : आधाराची गरज असलेल्या प्रौढ व्यक्तीला आपल्या घरात राहायला बोलावताना

परसदार

गेली सात वर्षे इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या आमच्या घरी माझ्या आणि माझ्या यजमानांच्या बरोबरीने एक तिसरी व्यक्ती राहते. ते आमचे नातेवाईक नाहीत, नेहमीच्या अर्थाने भाडेकरू नाहीत आणि रुग्णही नाहीत. त्यांचे वय आज ५८ आहे, जन्मापासून त्यांना बौद्धिक अक्षमता आहे, आणि ते ५१ वर्षांचे असताना आई गेली, तोपर्यंत ते तिच्याच घरी राहत होते. त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. मी काय लिहिणार आहे ते त्यांना आधी सांगितले आहे. त्यांनी एक गोष्ट वगळायला सांगितली, ती वगळली आहे.

येथे या व्यवस्थेला ‘शेअर्ड लाइव्ह्ज’ म्हणतात. पूर्वी तिला ‘अडल्ट प्लेसमेंट’ असे कोरडे नाव होते. एकट्याने राहणे ज्यांना झेपत नाही, पण ज्यांना वृद्धाश्रमासारख्या संस्थेतही राहायचे नाही, अशी प्रौढ माणसे पारखून मान्यता दिलेल्या कुटुंबात राहतात, त्या घरात जेवतात आणि त्या घराच्या सणावारांत, आजारपणांत, कंटाळवाण्या रविवारांत सहभागी होतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची संख्या यात सर्वांत मोठी असली तरी मानसिक आजारातून सावरणारे, वृद्ध, आणि बालगृहाचे वय उलटून गेलेले तरुणही या मार्गाने राहतात. एका घरात सहसा तीनांहून अधिक जणांना ठेवता येत नाही, आणि ही मर्यादा मला फार मोलाची वाटते, कारण चौथी व्यक्ती आली की घराला वेळापत्रक लागते आणि वेळापत्रक लागले की संस्था सुरू होते.

भारतातले आप्त आम्हाला विचारतात की तुम्ही हे पुण्यासाठी करता की पैशासाठी. मी दोन्हींबद्दल स्पष्ट लिहिते. आम्हाला मोबदला मिळतो. त्यांच्या खोलीचे भाडे बहुतांशी शासनाच्या गृहभत्त्यातून येते, जेवणाचा आणि वीज-गॅसचा वाटा ते स्वतःच्या भत्त्यातून देतात, आणि देखभालीचे पैसे कौन्सिल, म्हणजे येथील स्थानिक प्रशासन देते. आम्ही कोणाचे नोकर नाही, स्वयंरोजगारी समजले जातो. करातही सवलत आहे : एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या करवर्षात घरामागे वर्षाला १८,१४० पौंड आणि शिवाय राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे आठवड्याला ४५० पौंड एवढ्या उत्पन्नावर प्राप्तिकर नव्हता. त्याआधी घरामागची ही रक्कम कितीतरी वर्षे १०,००० पौंडांवरच अडकलेली होती. पैसे मिळतात म्हणून माया खोटी ठरत नाही. उलट, पैसे मिळतात म्हणूनच माझ्या यजमानांना नोकरीचे तास कमी करता आले आणि आम्ही चिडचिड न करता हे काम करू शकलो.

मान्यता मिळायला आम्हाला पाच महिने लागले. पोलिसांकडची तपशीलवार चारित्र्यपडताळणी, वैद्यकीय अहवाल, ओळखीच्या माणसांची पत्रे, औषधे कशी द्यावी याचे प्रशिक्षण हे सर्व अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते हे, की योजनेच्या बाई पाच-सहा वेळा घरी येऊन बसल्या आणि आमचे भांडण झाले की आम्ही काय करतो, घरात कोणाचा शब्द शेवटचा असतो, आमच्या आईवडिलांच्या म्हातारपणी आम्ही कोठे होतो, असे प्रश्न त्यांनी विचारले. शेवटच्या प्रश्नाला मी रडले. त्यानंतर ओळखीच्या भेटी झाल्या : आधी चहाला, मग जेवायला, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. दुसऱ्या भेटीत फोडणीचा ठसका लागून ते अंगणात जाऊन उभे राहिले होते, आणि आम्हाला वाटले की आता ते येणार नाहीत. त्यांनी मात्र सामाजिक कार्यकर्तीला सांगितले की त्यांना ती खोली आवडली, कारण तिच्या खिडकीतून बस दिसते.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. पहिले वर्षभर आम्ही त्यांना मुख्य दाराची किल्ली दिली नव्हती. ती हरवेल, रात्री ते बाहेर पडतील, दार उघडे राहील अशी कारणे आमच्याकडे होती, आणि ती आम्हाला काळजीची कारणे वाटत होती. वार्षिक आढाव्याच्या वेळी कार्यकर्तीने त्यांना विचारले, “या घरात तुम्हाला काय बदलावेसे वाटते?” ते म्हणाले, “मला बेल वाजवावी लागते.” एवढेच. वर्षभर आपल्याच घराची बेल वाजवून हा ५२ वर्षांचा गृहस्थ दारात उभा राहत होता, आणि आम्ही हसतमुखाने दार उघडत होतो. त्याच संध्याकाळी किल्ली करून आणली. सहा वर्षांत ती दोनदा हरवली. माझी तीनदा हरवली आहे.

मायदेशी अशी व्यवस्था उभी राहू शकेल का, आणि राहिली तर कोणत्या गोष्टी आधी जागेवर असायला हव्यात, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे अशी विनंती आहे.

कडुनिंब

ताई, लेख दोनदा वाचला. एक गोष्ट विचारावीशी वाटते. तुम्ही त्यांचा उल्लेख सर्वत्र ‘ते’ असा केला आहे. माझा मुलगा ३८ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे, आणि आमच्या सोसायटीतली आठ वर्षांची मुलेदेखील त्याला ‘ए’ म्हणून हाक मारतात. मीही त्याला ‘बाळ’ म्हणते. त्याच्या कार्यशाळेत सगळ्यांना ‘मुले’ म्हणतात आणि त्या ‘मुलां’पैकी दोघांचे केस पिकले आहेत. तुमचे ‘ते’ वाचताना प्रथम खटकले आणि नंतर आपल्याला ते का खटकले या विचाराने मी बराच वेळ बसून राहिले.

मी ६७ वर्षांची आहे आणि माझे यजमान पाच वर्षांपूर्वी गेले. आमच्यासारख्या सर्व पालकांचा प्रश्न एकच असतो, ‘आमच्यानंतर काय?’ नागपूर असो, डोंबिवली असो, पालकांच्या कोणत्याही बैठकीत शेवटची पंधरा मिनिटे याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. डोंबिवलीजवळ खोणी येथे पालकांनीच एकत्र येऊन ‘घरकुल’ उभे केले, नाशिकलाही त्याच नावाचे महिलांसाठीचे निवासस्थान आहे, आणि ही कामे फार आदराची आहेत. परंतु जागा मोजक्या असतात. शिवाय माझ्या मुलाला वीस जणांत राहायला आवडत नाही, त्याला भिंतीवरचे घड्याळ स्वतः बंद-चालू करायला आवडते. असे घर मी त्याच्यासाठी कोठे शोधू?

परसदार

कडुनिंबताई, ‘ते’ मी इंग्लंडमध्ये शिकले नाही, कारण इंग्रजीत तो भेदच नाही. घरी आम्ही दोघे मराठीत बोलताना त्यांच्याविषयी ‘तो’ म्हणत होतो. किल्लीच्या प्रसंगानंतर माझे यजमान एकदम म्हणाले की शेजारच्या ५२ वर्षांच्या गोऱ्या गृहस्थाला आपण ‘ते’ म्हणतो, मग यांना ‘तो’ का म्हणतो? तेव्हापासून बदलले. तुम्ही आई आहात, तुमच्या ‘बाळ’ला कोणी हात लावू नये. सोसायटीतल्या मुलांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे.

सातवा मजला

मला एक शंका स्पष्टपणे मांडायची आहे आणि ती कोणाच्या हेतूविषयी नाही. बंद दारामागे काय चालते हे कोण पाहणार? संस्थेत निदान दहा कर्मचारी असतात, त्यांतला एखादा बोलेल. घरात दोनच माणसे असतात, आणि ज्यांच्यावर अन्याय होईल त्यांना कदाचित सांगताही येणार नाही. माझी आत्या तिच्या दिरांच्या घरी २० वर्षे राहिली. तिला मानसिक आजार होता. बाहेरून सर्वांना वाटत होते की त्यांनी किती मोठे मन दाखवले. ती गेल्यावर आम्हाला कळले की तिचे निवृत्तिवेतन कोणाच्या खात्यात जात होते आणि ती कोठे झोपत होती.

परसदार

ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर ‘आम्ही चांगले आहोत’ हे असू शकत नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक घराची स्वतंत्र नोंदणी होत नाही. घरांना मान्यता देणारी जी योजना असते ती केअर क्वालिटी कमिशन या देखभाल-सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदलेली असते आणि तिची तपासणी होते. योजनेच्या कार्यकर्त्या ठरवून येतात, तशाच न सांगताही येतात, आणि आमच्याकडे राहणाऱ्या गृहस्थांशी एकांतात बोलतात. त्यांच्या पैशांचा हिशेब आम्ही पावत्यांसह ठेवतो. आठवड्यातून तीन दिवस ते बाहेरच्या कामाला आणि क्लबला जातात, म्हणजे आमच्याखेरीज किमान पंधरा माणसे त्यांचा चेहरा नियमित पाहतात. माझ्या मते सर्वांत खात्रीचे संरक्षण हेच आहे. ज्या माणसाला बाहेरचे कोणीच ओळखत नाही, त्याच्या बाबतीत कोणतीही तपासणी अपुरी पडते.

कायद्यानेही एक पाऊल पुढे टाकले आहे, आणि ते पचवायला मला वेळ लागला. १९ मार्च २०१४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या निकालात स्वातंत्र्य हिरावणे म्हणजे काय याची कसोटी ठरवली, त्यातल्या तीन व्यक्तींपैकी एक तरुणी पालक-आईच्या प्रेमळ घरात राहत होती. ती तेथे सुखी होती आणि तिला कोठेही जायचे नव्हते. तरीही न्यायमूर्तींनी बहुमताने म्हटले की ती सतत देखरेखीखाली आहे, स्वेच्छेने निघून जाण्यास मोकळी नाही, आणि संमती देण्याची क्षमता तिच्यापाशी नाही, म्हणून हे स्वातंत्र्य हिरावणेच आहे आणि त्याला स्वतंत्र तपासणीची जोड हवी. सोन्याचा पिंजरादेखील पिंजराच असतो, अशा आशयाचे त्या निकालातले न्यायमूर्ती लेडी हेल यांचे वाक्य तेव्हापासून येथे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवतात. आम्हाला प्रथम हा अपमान वाटला. आज वाटत नाही. त्यांच्या बाजूने आमच्यावर प्रश्न करणारे कोणीतरी असावे, हे आमच्याही हिताचे आहे.

दक्षिणायन

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. येथून सीमा ओलांडून थोड्याच अंतरावर बेल्जियममधले खेल हे गाव आहे (स्थानिक उच्चार असाच, ‘ख’ने). या विषयाचे मूळ शोधणाऱ्याला त्या गावी जावेच लागते, म्हणून थोडे लिहितो.

संत डिम्फ्ना ही मनोरुग्णांची रक्षणकर्ती मानली जाते. तिच्या देवळात मध्ययुगापासून दूरदूरचे लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन येत, आणि देवळाला लागून असलेल्या खोल्यांत नऊ दिवसांचे अनुष्ठान चाले. खोल्या पुरेनात तेव्हा गावकऱ्यांनी यात्रेकरूंना घरी ठेवून घेतले, आणि त्यांतले अनेक परत गेलेच नाहीत. आपल्याकडे ज्या देवस्थानांत आणि दर्ग्यांत ‘बाधा’ झालेल्यांना आणतात, तेथे हे दुसरे पाऊल का पडले नाही, याचा विचार मी त्या देवळात उभा राहून करत होतो. १८५० साली सरकारने ही व्यवस्था हाती घेतली, म्हणजे वैद्यकीय देखरेख आली, पण राहणे घरांतच चालू राहिले. १९३८ साली घरांत राहणाऱ्या अशा पाहुण्यांची संख्या सर्वांत वर गेली, ३,७३६. आज ती त्या मानाने फारच कमी उरली आहे, कारण शेती कमी झाली, बायका नोकरीला लागल्या, औषधे आली आणि इतर पर्यायही आले.

मला तेथला एक शब्द फार आवडला. या पाहुण्यांना ते ‘रुग्ण’ म्हणत नाहीत. त्यांचा शब्द पैसे देऊन घरी जेवणारा-राहणारा अशा अर्थाचा आहे, आपल्याकडे पूर्वी गावाहून शिकायला आलेली मुले ओळखीच्या घरी राहत-जेवत, त्याच्या जवळ जाणारा. आजीनंतर आईने आणि आईनंतर लेकीने त्याच पाहुण्याला सांभाळले, असेही तेथे घडले आहे. कुटुंबाला आजाराचे नाव न सांगण्याची प्रथाही बराच काळ होती : माणूस कसा आहे ते तुम्हीच पाहा, एवढेच सांगत.

नांगरट

माझे शिक्षण समाजकार्याचे असून मी विदर्भात काम करते. भारतातल्या चौकटीविषयी लिहिते, कारण पुष्कळ पालकांना आहे तेही ठाऊक नसते.

मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरता आहे, आणि त्याखाली जिल्हाधिकारी पातळीवरील स्थानिक समिती पालक नेमू शकते. त्या समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. कडुनिंबताई, तुम्ही अर्ज केला नसेल तर या महिन्यात करा. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, तोही घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आणि ‘मर्यादित पालकत्व’ आणले, म्हणजे पालकाने परस्पर ठरवायचे नाही, त्या व्यक्तीबरोबर मिळून ठरवायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे १९ वे कलम तर स्पष्ट म्हणते की कुटुंब नाही किंवा घर नाही एवढ्याच कारणासाठी कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत आजार आटोक्यात येऊनही केवळ कोणी न्यायला येत नाही म्हणून राहिलेली माणसे आहेत, आणि हे कलम त्यांच्यासाठीच आहे.

घराच्या अंगाने आपल्याकडे सर्वांत पुढे गेलेले काम चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेचे आहे. २०१५ पासून त्यांच्या ‘होम अगेन’ उपक्रमात वर्षानुवर्षे संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणी सामान्य वस्तीत भाड्याचे घर घेऊन राहतात आणि मदतीला एक कार्यकर्ती असते. हे काम महाराष्ट्रात रत्नागिरीपर्यंत आले आहे. पण तेथे कुटुंब नव्याने जमते. अगोदरच्या कुटुंबात कोणी जात नाही. तुम्ही म्हणता तशी योजना, म्हणजे मोबदला, पडताळणी आणि देखरेख यांसह अनोळखी प्रौढाला घरात राहायला घेणारी, आपल्या राज्यात शासनाच्या यादीवर नाही.

आणि शंकरबाबा पापळकरांचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वज्झर येथे त्यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वाढवले आणि वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या एका दृष्टिहीन मानसकन्येने एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण केली. ते वर्षानुवर्षे एकच मागणी करत आले : १८ वर्षे पूर्ण झाली म्हणून अनाथ दिव्यांगांना बालगृहाबाहेर काढू नका, त्यांना तेथेच आयुष्यभर राहू द्या. बालगृहाचा कायदा वय पाहतो. १८ व्या वाढदिवशी कोणाची अक्षमता संपत नाही, हे तो पाहत नाही.

सातवा मजला

परसदारताई, उत्तराबद्दल आभारी आहे. ‘बाहेरच्या पंधरा माणसांनी चेहरा पाहणे’ हे मी मनात जपून ठेवले आहे. आत्याला २० वर्षांत तसे एकही माणूस नव्हते. आम्हीही नव्हतो, आम्ही दिवाळीला जात होतो.

अंगणवेल

माझ्या मोठ्या बहिणीला मी नऊ वर्षे सांभाळत आहे आणि मला पूर्णवेळ कोणाच्या घरी तिला ठेवायचे नाही. मला वर्षातले दहा दिवस हवे आहेत. त्या दहा दिवसांत ती सुखात असेल असे एक घर हवे आहे. असे करता येते का?

परसदार

होय, आणि माझ्या मते सुरुवात येथूनच करावी. शेअर्ड लाइव्ह्जमध्ये कायम राहणे हा एक प्रकार झाला. काही कुटुंबे फक्त थोड्या दिवसांसाठी, काही फक्त दिवसापुरती पाहुण्यांना घेतात. आम्हालाही वर्षात ठरलेली सुट्टी मिळते आणि तेव्हा ते याच योजनेतल्या दुसऱ्या एका घरी जातात, जेथे कुत्रा आहे, त्यामुळे परत आल्यावर आठवडाभर आमच्यावर थोडी नाराजी असते. सुट्टी नसती तर आम्ही तिसऱ्या वर्षीच थकून थांबलो असतो. ही सुट्टी चैनीची नाही, व्यवस्थेचा खांबच तो आहे.

महाराष्ट्रात शासनाची वाट न पाहता पालकांच्या एखाद्या गटाने परस्परांच्या घरी दोन-दोन दिवसांची अदलाबदल सुरू केली, बरोबर एका समाजकार्यकर्तीची देखरेख ठेवली, आणि पैशांचा हिशेब लेखी ठेवला, तर ते पुष्कळ झाले. मात्र एकच इशारा : ओळखीच्या भेटी गाळू नका. घर कितीही चांगले असो, जाणाऱ्याने ‘नाही’ म्हटले तर ते ‘नाही’ धरायचे. येथील २००५ चा मानसिक क्षमता कायदा सांगतो की एखाद्याचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरवता येत नाही. आमच्याकडे ते दर दुसऱ्या शुक्रवारी पंधरा दिवसांच्या बचतीचे पैसे एका जुन्या खेळण्यातल्या बसवर खर्च करतात. मला ते पटत नाही. बस त्यांची आहे आणि पैसेही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या आईने लिहिलेली एक वही बरोबर आली होती. कौन्सिलच्या जाडजूड फायलीत त्यांचे निदान, औषधे, धोक्यांची यादी सर्व होते; पण थंडीत ते मोजे घालून झोपतात, ‘थकलो’ म्हणतात तेव्हा बहुधा कान दुखत असतो, आणि वडिलांचा विषय त्यांनी काढल्याशिवाय काढू नये, हे केवळ त्या वहीत होते. पहिली दोन वर्षे आम्ही त्या वहीवर चाललो.

कडुनिंब

नांगरटताई, समितीकडे अर्ज करण्यासाठी कागदपत्रे काढून ठेवली आहेत. अंगणवेल, तुम्ही पुण्यात असाल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. माझ्याकडे एक खोली आहे, आणि मलाही कधीतरी दोन दिवस लागतील.

वही काल आणली. मला ‘ते’ लिहिता आले नाही, हात वळला नाही, म्हणून ‘तो’ असेच लिहिले आहे. पहिल्या पानावर एवढे झाले : सकाळचा चहा अर्धा कप, बशीत ओतून. विजेचा कडकडाट झाला की तो दाराशी येऊन उभा राहतो, तेव्हा त्याला आत बसायला सांगू नये, शेजारी उभे राहावे. घड्याळाचा सेल संपण्याआधी बदलावा. दाढी तो स्वतः करतो, हनुवटीखालची राहते, ती राहू द्यावी.

हे मी त्याला वाचून दाखवले. चहाचे त्याला मान्य नव्हते. तो म्हणाला, पूर्ण कप. ते खोडून दुरुस्त केले आहे, आणि पुढची चार पाने त्याला सांगायची आहेत म्हणून कोरी ठेवली आहेत.